राळ वेगळी झाली की

लाखेचं सील फोडलं की आधी वास येतो, मग वस्तू दिसते. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मी आयुष्यभर अशी सीलं फोडली. तपकिरी पाकीट, त्यात प्लॅस्टिकची पुडी, पुडीत करंगळीएवढी काळी कांडी. सोबतच्या पत्रात ठरलेलं वाक्य असायचं: ‘सदर पदार्थ चरस आहे किंवा कसे, याबाबत अहवाल द्यावा.’

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, या प्रश्नाचं उत्तर रंगात आहे. परीक्षानळीत नमुन्याचा अर्क, त्यावर ड्यूकेनॉइसचं द्रावण, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. हळूहळू जांभळा रंग चढतो. शेवटी क्लोरोफॉर्म घालून नळी हलवायची आणि थांबायचं. क्लोरोफॉर्म जड, तो तळाशी जातो आणि जांभळा रंग त्याच्यामागोमाग खाली उतरतो. रंग उतरला की माझा जीव भांड्यात पडायचा. एकदा मी तेवढ्यावरच अहवाल लिहायला घेतला, तेव्हा आमचे विभागप्रमुख सर शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, “रंग फक्त झाड सांगतो, बाई. गांजा असो की चरस, रंग तोच येणार. तुम्हाला विचारलंय काय, ते परत वाचा आणि सूक्ष्मदर्शकाशी बसा.”

बसले. कांडीचा मोहरीएवढा तुकडा काचपट्टीवर पसरला आणि पहिल्यांदाच ते जंगल पाहिलं. एका जातीचे केस आखूड, वाघनखासारखे वळलेले, बुडाशी फुगीर. त्या फुगीर बुडात चुन्याचा खडा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सरांनी काचेच्या कडेने सौम्य आम्लाचा एक थेंब सोडायला सांगितला आणि त्या नखांच्या मुळाशी बुडबुडे सुटू लागले, लिंबाच्या रसात खायचा सोडा पडावा तसे. दुसऱ्या जातीचे केस म्हणजे अगदी टाचण्या: बारीक देठ आणि त्यावर गोल डोकं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंही नसलेलं ते डोकं मधाच्या रंगाचं दिसतं. झाडाची सगळी राळ तिथे भरलेली असते. नशा आणणारं टीएचसी, नशा न आणणारं सीबीडी, तो उग्र वास, सगळं त्या डोक्यात. उरलेलं झाड म्हणजे पान, देठ आणि तंतू.

हे डोकं झाडापासून कसं सोडवायचं, एवढीच कॉन्सन्ट्रेट नावाच्या सगळ्या प्रकाराची गोष्ट आहे. चरस, हॅश, हॅश ऑइल, मेण, शॅटर अशी नावं बदलत जातात, काम एकच. हिमाचलात कुल्लूकडच्या मलाणा गावाचं नाव ज्या मालामुळे जगभर गेलं, तो हाताने मळलेला असतो. ताजी फुलं दोन तळव्यांत धरून सावकाश चोळायची, राळ तळव्यांना चिकटत जाते आणि दिवसभराच्या मेहनतीनंतर खरवडून निघते ती थोडीशीच. मोरोक्को किंवा लेबनॉनचा माल वेगळा. तिथे झाड आधी वाळवतात आणि चाळणीवर झटकतात, म्हणून डोकी सुटी होऊन भुकटी खाली पडते. काचेखाली हा फरक दिसायचा. हाताच्या मालात ओल्या पानांचे चिवट तुकडे आणि तुटके केस जास्त असायचे, चाळणीच्या मालात डोकी एकमेकांना खेटून दाटीने बसलेली. मला या निरीक्षणाचा फार लळा लागला होता. अहवालात त्याला जागा नसे, म्हणून मी माझ्या वहीत चित्रं काढून ठेवायचे.

याच वेडातून मी जुनं वाचत गेले. १८३९ मध्ये कोलकात्यात विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने या झाडावर शोधनिबंध लिहिला. चामड्याचे कपडे घातलेली माणसं भर शेतातून झाडांना घासत पळतात आणि अंगाला चिकटलेली राळ नंतर खरवडून काढतात, अशी चरस गोळा करण्याची पद्धत त्याने नोंदवली आहे. राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, हे जाणून त्याने तिचा अर्क केला आणि धनुर्वाताच्या, पटकीच्या रुग्णांना दिला. आजचे परवानाधारक कारखाने ज्या तत्त्वावर अर्क काढतात, ते तत्त्व भारतात बसून वापरलेलं आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्याहून आवडती हकीकत राफाएल मेशुलम यांची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या या तरुण रसायनतज्ज्ञाला संशोधनासाठी माल हवा होता. पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो लेबनीज हॅश त्यांनी मागून घेतला आणि तो घेऊन ते सरळ बसने निघाले. बसमधले लोक हा कसला वास म्हणून एकमेकांना विचारू लागले. त्याच मालातून १९६४ मध्ये त्यांनी आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे मेशुलम यांच्या पत्नी डालिया यांनी केक केला, त्यावर टीएचसी घालून काही मित्रांना दिला आणि काहींना नुसताच केक दिला. ज्यांच्या केकवर टीएचसी होतं, त्यांतला एक हसत सुटला, एक अखंड बोलत राहिला, एकाला भीतीने घेरलं. मात्रा सारखी, माणसं वेगवेगळी. मुद्देमालाच्या पुड्या हाताळताना मला हा केक नेहमी आठवायचा.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. ताज्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच, त्याचं आम्लरूप असतं आणि त्याने नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. चिलमीतला निखारा हेच करतो. आमचं गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रही नमुना आत घेताना तापवून हेच करतं.

आता कोर्टाकडे येते. १९८५ चा अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे मानतो आणि चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. हॅश ऑइलही त्याच्या लेखी चरसच. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत, चरसाची शंभर ग्रॅमपर्यंत. व्यापारी मात्रा गांजाची वीस किलो, चरसाची एक किलो. म्हणजे दीडशे ग्रॅमचं ढेकूळ गांजा ठरलं तर शिक्षा वर्षभरापर्यंत, चरस ठरलं तर दहा वर्षांपर्यंत. ‘वेगळी केलेली’ या दोन शब्दांवर एखाद्याची तरुणाई टांगलेली असते.

असंच एक ढेकूळ माझ्याकडे आलं होतं. दाबून वडीसारखं केलेलं, काळपट, चिकट. पंचनाम्यात ‘चरस’ लिहिलेलं. मी ते उलगडलं तर आत फुलांचे शेंडे शाबूत, बियांसकट. राळ होती, पण झाडावरच होती. साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी परत परत विचारलं, “पण मॅडम, राळ तर सापडली ना?” मी म्हटलं, “सापडली. वेगळी केलेली नव्हती.” पिंजऱ्यातल्या मुलाला त्या वाक्याचा अर्थ कळला नसावा. त्याच्या वकिलाला कळला.

दुसरी आठवण बोचते. एकदा डिंकासारख्या तपकिरी तेलाची छोटी बाटली आली. ज्या पोलीस ठाण्याने ती पाठवली, तिथे असा माल कुणी पाहिलेला नव्हता. बाटली कापसात गुंडाळून साध्या पाकिटात घातलेली, झाकण सैल. प्रवासात तेल पाझरलं, कापसाला लागलं, लेबलवरची शाई विरघळली आणि वजन पंचनाम्याशी जुळेना. पातळ केलेला एक थेंब पातळ-थर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर चढवला, फास्ट ब्लू नावाचं रंगद्रव्य फवारलं, तर टीएचसीच्या जागी लालभडक ठिपका उमटला. पदार्थाबद्दल शंका नव्हती, पण पंचनाम्यातल्या बाटलीतलाच तो पदार्थ, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं. अहवालात वजनाची तफावत जशीच्या तशी लिहिली.

त्या प्रकरणातल्या मुलाचे वडील कोर्टाच्या व्हरांड्यात मला भेटले. धोतर, टोपी, हातात पिशवी. म्हणाले, “ताई, आमच्या गावच्या मठात साधू गांजा ओढायचे. एवढ्याशा बाटलीचं एवढं काय?” मी साक्षीदार होते, त्यांच्याशी बोलणं मला वर्ज्य होतं. मान खाली घालून पुढे गेले. मला त्यांना जे सांगायचं होतं ते इतकंच होतं:

काका, मठातल्या चिलमीत झाड होतं, या बाटलीत झाड नाही. अमेरिकेतल्या परवान्याच्या दुकानांत असा अर्क मिळतो, त्यात टीएचसी साठ-ऐंशी टक्के आणि त्याहूनही जास्त असतं. तिथल्या परवानाधारक कारखान्यांत बंद यंत्रणेत, वायू बाहेर पडू न देता, ब्युटेन नाहीतर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून राळ ओढून घेतात, मग विद्रावक काढून टाकतात आणि तपासणी करतात. घरात तेच करायला जाणाऱ्यांचं काय झालं ते कोलोरॅडोत २०१४ साली दिसलं. ब्युटेन हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचत राहतो, माणसाला पत्ता लागत नाही आणि फ्रिज चालू होतानाची ठिणगीही पुरते. घरं उडाली, माणसं भाजली. २०१९ मध्ये अमेरिकेतच व्हेपिंगमुळे तरण्याताठ्या पोरांची फुप्फुसं निकामी होऊ लागली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. बहुतेकांनी टीएचसी तेलाच्या कांड्या ओढलेल्या होत्या आणि चोरट्या बाजारातल्या तेलात भेसळ निघाली ई जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटची. तेल दाट दिसावं म्हणून घातलेली. तुमच्या मुलाच्या बाटलीत काय काय होतं, ते तिच्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नसणार.

परतीच्या एसटीत पर्समधून वही काढली. वाघनखं आणि टाचण्यांच्या चित्रांपुढच्या कोऱ्या पानावर त्या तेलाचं चित्र काढायला घेतलं. काचेखाली त्यात एकही केस दिसला नव्हता, एकही डोकं नव्हतं. नुसता पिवळा उजेड होता. पानावर मी एक गोल काढला आणि आत काहीच काढलं नाही.