हॅम रेडिओ म्हणजे काय, आणि आपल्याला जमेल का?

आपल्या केंद्रावर बोलायला आता आपण सरावलोय. पण इथं एकजण बोलते आणि बाकीचा गाव ऐकतो. हॅम रेडिओत ऐकणारा उलट बोलतो. सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही, फक्त सेट आणि तार. हे हौसेचं काम आहे. त्यावर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस फोन बंद होते. गटातल्या एकीची बाळंतपणाला आलेली लेक दवाखान्यात पोचली की नाही, तेच कळेना. पोचली होती, पण ते दोन दिवस आम्ही विसरलो नाही. म्हणून तालुक्याच्या गावी एका निवृत्त शिक्षकांकडे हॅमचा सेट आहे असं कळल्यावर आम्ही सहाजणी बघायला गेलो.

सरांनी अंगणात दोन झाडांना साधारण साठ-पासष्ट फूट तार बांधलेली. आम्हाला वाटलं, धुणं वाळत घालायची! त्या तारेवरून सुटलेल्या लहरी वर आकाशातल्या एका थरावर आपटून लांब उतरतात. दिवसा आणि रात्री त्यांचा पल्ला वेगळा. हातातला छोटा सेट मात्र समोर दिसेल तिथवरच बोलतो, मध्ये डोंगर आला की संपलं. डोंगरमाथ्यावर आवाज पुढे पाठवणारं यंत्र असेल तर पल्ला वाढतो.

बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. सोपं वाटतं ना? सरांनी सराव म्हणून बंद सेट हातात दिला, तर बटण दाबल्यावर आमच्यातल्या एकीला स्वतःचं नावच आठवेना. दुसरी बोलून झाल्यावर बटण सोडायलाच विसरली. आपल्या मासिक बैठकीसारखं सगळ्या एकदम बोललो तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून नवख्यानं आधी जाणत्याशेजारी बसून नुसतं ऐकायचं.

इथं प्रत्येकाला सरकारकडून सांकेतिक नाव मिळतं. आपल्याकडे ते व्हीयू या अक्षरांनी सुरू होतं, आणि ऐकण्यात चूक नको म्हणून ‘व्हिक्टर, युनिफॉर्म’ असं सांगतात. निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. बाईमाणूस कितीही वयाची असो, तिला ‘यंग लेडी’च म्हणतात. साठी ओलांडलेल्या आमच्या अध्यक्षबाईंना हे फार आवडलं.

लायसन्सशिवाय बोलणं मात्र गुन्हा आहे. दूरसंचार खात्याची परीक्षा असते, वय किमान बारा. थोडी विजेची-रेडिओची माहिती आणि बाकी नियम. पहिल्या दर्जाला मोर्सची टकटक शिकावी लागत नाही. अडचण इंग्रजीची आहे, कारण अभ्यासाची पुस्तकं बहुतेक त्याच भाषेत. छोटा सेट काही हजारांत येतो. लांबचा महाग, म्हणून पुष्कळजण जुना घेतात.

आणि फोन बंद पडल्यावर सेट आणून भागत नाही. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौसेनंच गेल्या होत्या, तिथून जगभरच्या हौशींशी बोलायला. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, फोन गेले. त्यांचा सेट चालू होता आणि हात बसलेला होता, म्हणून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या घरच्यांना कळवता आली.

आमच्यातल्या दोघी आणि एकीची नववीतली मुलगी परीक्षेला बसणार आहेत. मुलीच्या वडिलांचं म्हणणं, अनोळखी माणसांशी बोलायचंच कशाला? सरांनी त्यांना एक संध्याकाळ शेजारी बसवलं. तासभर हवामान, तारेची उंची आणि आवाज किती स्पष्ट येतो, हेच चाललेलं. “एवढंच बोलतात होय,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना मुलीला दोनशे पानी वही घेऊन आले.