नाव ड्राइव्हचे की तबकडीचे?

संगणकाच्या साठवण-उपकरणांना कोणती नावे द्यावीत हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारकुनी वाटतो. परंतु आयबीएमचा १९८१ सालचा पर्सनल कॉम्प्युटर एकाच फ्लॉपी ड्राइव्हसह विकत घेऊन, एका फ्लॉपीवरील मजकूर दुसरीवर उतरवून घेण्यास जो कोणी बसला असेल, त्याला त्या प्रश्नाचे गांभीर्य तत्काळ उमगले असेल. गॅरी किल्डाल यांच्या सीपी-एम या कार्यप्रणालीच्या वळणावर त्या संगणकावरील डॉस या कार्यप्रणालीने स्वीकारलेली 'ए' आणि 'बी' ही अक्षरे दप्तरी ड्राइव्हची नावे होती. पण ड्राइव्ह एकच असता डॉस त्यालाच दोन्ही नावे बहाल करी आणि मध्येच 'बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला' असे फर्मान काढी, म्हणजे क्षणापूर्वी यंत्राचे असलेले नाव आता हातातील फ्लॉपीचे होऊन बसे, आणि त्यांतली 'ए' कोणती नि 'बी' कोणती हे ध्यानात ठेवण्याची जोखीम बिचाऱ्या माणसावर येई.

कमोडोरच्या अमिगा संगणकाने १९८५ मध्ये हा घोळ ज्या रीतीने मिटवला, ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तेथे ड्राइव्हला 'डीएफ-०' असे वेगळे नाव होते, तबकडीला तिच्यावरच नोंदलेले स्वतःचे नाव होते, आणि आज्ञावलीने त्या नावाने तबकडी मागितली की ती कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालावी, एवढीच सूचना पडद्यावर येई. वाटेल त्या खाचेत सरकवली तरी यंत्र तिला ओळखी.

युनिक्समध्ये प्रत्येक डिस्क एकाच निर्देशिका-वृक्षाच्या एखाद्या फांदीला जोडली जात असल्यामुळे सामान्य वापरणाऱ्याला ड्राइव्हच्या नावाशी कर्तव्यच उरत नाही. व्यवस्थापकाची मात्र सुटका नाही. लिनक्समध्ये 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे उपकरणे सापडण्याच्या क्रमाने मिळतात, आणि रांगेतील जागेलाच माणसाचे नाव मानावे तसा हा प्रकार असल्याने, नवी डिस्क जोडताच कालची 'एसडीबी' आज 'एसडीसी' होऊ शकते. म्हणून फाइल-व्यवस्था निर्माण होतानाच तिच्यात नोंदला जाणारा १२८ बिटांचा ओळख-क्रमांक प्रमाण मानण्याची वहिवाट पडली. यंत्राच्या दृष्टीने तो चोख, पण ३६ चिन्हांची ती माळ वाचून माणसाला कसलाच बोध होत नाही.

तेव्हा डिस्क पुसण्याची अनुमती मागणाऱ्या पडद्यावर नुसते 'एसडीबी' छापणे हा, माझ्या मते, बेजबाबदारपणा आहे. वापरणाऱ्याने दिलेले नाव, क्षमता, निर्माता आणि ती यूएसबीने जोडली आहे की पेटीच्या आत बसवली आहे, हे बहुधा कार्यप्रणालीला ठाऊकच असते. 'डीडी' ही युनिक्सची जुनी आज्ञा तर काहीच विचारीत नाही: तिला दिलेल्या नावात एक अक्षर चुकले, आणि चालवणाऱ्याचे अधिकार पुरेसे असले, की ती भलत्याच डिस्कवर बिनदिक्कत लिहीत सुटते.