केस विरळ दिसू लागतात तेव्हा

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी परिचयपत्रे तयार होऊ लागतात. त्यांच्यासोबत छायाचित्र हवे असते, आणि ते काढून घ्यायला बसलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाचे पहिले लक्ष हल्ली कपड्यांकडे नव्हे, केसांकडे जाते. सराफी किंवा कापडाच्या दुकानात बसणाऱ्यांना तर हा प्रश्न रोजच भेटतो. माल उठून दिसावा म्हणून छतात प्रखर दिवे बसवलेले असतात. ते दागिन्यांना जितके मानवतात तितके माथ्याला मानवत नाहीत. वरून सरळ पडणारा उजेड बारीक केसांमधून थेट डोक्याच्या त्वचेवर पोचतो, आणि गल्ल्यामागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःचाच माथा पाहून मुलगा दचकतो. त्या रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो आणि आठवड्याभरात घरी तेलाच्या, गोळ्यांच्या आणि फवाऱ्यांच्या बाटल्या येऊ लागतात. घरात आजीचे म्हणणे एकच असते: डोक्याला तेल लाव, सगळे ठीक होईल.

ज्या परंपरेत दिगंबर मुनी दोन ते चार महिन्यांच्या अंतराने स्वतःच्या हातांनी केशलोच करतात आणि श्वेतांबर साधु-साध्वी पर्युषणापूर्वी लोच करून घेतात, त्या परंपरेतील तरुणाने केसांसाठी एवढे झुरावे, यावर वडीलधारी माणसे हसतात. पण मुनींचे महाव्रत वेगळे आणि पेढीवर बसणाऱ्या श्रावकाचा व्यवहार वेगळा. श्रावकापुढे प्रश्न आहे तो दोन गोष्टींचा: जे विकत घेतले जात आहे ते खरोखर उपयोगी आहे काय, आणि ते कशापासून बनले आहे.

उपाय शोधण्याआधी एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. केस बारीक असणे आणि केस विरळ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. काहींचा प्रत्येक केस जन्मतःच पातळ असतो. संख्या पुरेशी असूनही डोके भरलेले दिसत नाही. शाळेतल्या छायाचित्रातही केस असेच दिसत असतील, तर तो देहाचा स्वभाव आहे, रोग नव्हे, आणि त्याला औषधाची गरज नाही. परंतु कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकत असतील, किंवा माथ्यावरचा भोवरा रुंदावत असेल, तर ते पुरुषी टकलाचे लक्षण आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या डीएचटी नावाच्या संप्रेरकाला काहींच्या केसांची मुळे अधिक संवेदनशील असतात. अशी मुळे हळूहळू आक्रसतात आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो. डॉक्टर आजही याच्या पायऱ्या मोजतात त्या हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेल्या कोष्टकावरून. मामाला टक्कल असले तर भाच्यालाही येते, हा समज अर्धाच खरा आहे. त्यातील एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते खरे, पण वडिलांच्या बाजूची जनुकेही आपला वाटा उचलतात.

जैन घरांत मात्र तिसरे एक कारण आढळते आणि त्याची ओळख नसल्यामुळे बराच पैसा वाया जातो. भाद्रपदात पर्युषण आणि दशलक्षण पर्व येते. कोणी अठ्ठाई करतो, कोणी दहा दिवसांचे उपवास, एखादा मासक्षमणही पार पाडतो. शरीराला अचानक अन्न कमी पडले की ते केसांसारख्या दुय्यम कामाची उस्तवार थांबवते. वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. पण ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे तप भाद्रपदात आणि केसांचा पुंजका कंगव्यात येतो तो कार्तिक-मार्गशीर्षात, नेमक्या लग्नसराईत. मधल्या काळात झालेला नवा शाम्पू, पाण्याचा बदल किंवा हेल्मेट यांच्यावर खापर फुटते, आणि तपाशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानीही येत नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा व्यायामशाळेच्या नादाने झटपट घटवलेले वजन यांनंतरही असेच घडते.

ही गळती टक्कल नव्हे. मुळे शाबूत असतात आणि पुढील काही महिन्यांत केस परत येतात. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून डोके पूर्ववत भरलेले दिसायला वर्षही लागू शकते. या काळात कोणतीही महाग बाटली घेतली तरी शेवटी श्रेय तिलाच मिळते! दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे मुळातच नैसर्गिक आहे. गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी.

फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाची शिल्लक. पारण्यानंतरचे दोन महिने ती भरून काढण्याचे असतात. कंदमुळे नाहीत, चातुर्मासात अनेक घरी पालेभाजीही नाही, मोड आलेली कडधान्येही वर्ज्य. तरीही मूग, मटकी, हरभरा, तूर, तीळ आणि अळीव यांत लोह आणि प्रथिने दोन्ही सापडतात. डाळीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत कच्चे दही आणि डाळ एकत्र येत नाहीत. दुधातील कॅल्शियम लोहाला थोडे अडवतेच, त्यामुळे येथे नियम आणि पोषण एकाच बाजूला उभे राहतात. बी १२ हे जीवनसत्त्व शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातूनच मिळते. ज्या तरुणांनी अहिंसेच्या विचाराने दूधही सोडले आहे त्यांनी त्याची गोळी घ्यावी, केसांसाठी म्हणून नव्हे, मज्जातंतूंसाठी. बायोटिनच्या गोळ्यांची जाहिरात सर्वांत मोठी आहे, पण बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते, आणि ती नसताना या गोळ्यांनी केस दाट होतात असा भक्कम पुरावा नाही. उलट मोठी मात्रा घेतल्यास थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडे चुकू शकतात.

ज्यांचे केस केवळ बारीक आहेत, त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त आणि तत्काळ उपाय केशकर्तनालयातच मिळतो. लांब बारीक केस स्वतःच्या भाराने चिकटून बसतात आणि त्यांच्यात फटी पडतात. म्हणून बाजू आणि मान आखूड, माथ्यावर दोन-अडीच इंच, अशी कापणी सांगावी; बाजू जितकी बसकी तितका माथा भरलेला वाटतो. केस हलके करणारी दातेरी कात्री डोक्यावर फिरवू देऊ नये. मधोमध भांग पाडू नये, आणि वर्षानुवर्षे एकाच जागी पडणारा भांगही अधूनमधून बदलावा. चकाकणारी जेल केसांच्या बटा करते आणि मधली त्वचा उघडी पाडते. चमक नसलेली पेस्ट बोटांच्या टोकांवर किंचित घेऊन मुळाशी लावली तर काम होते. ड्रायर वापरायचा तर डोके खाली वाकवून, मध्यम उष्णतेवर, केसांच्या उलट दिशेने. परिचयपत्राचे छायाचित्र दुकानातील दिव्यांखाली न काढता खिडकीसमोर, समोरून येणाऱ्या उजेडात काढावे. मुंडन केल्याने केस दाट येतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो जाड भासतो; त्याची खरी जाडी त्वचेखालच्या मुळात ठरते.

तेलाबाबत आजीशी थोडा वाद घालावा लागेल. तेलाने केस मऊ राहतात, तुटतात कमी. पण बारीक केस तेलाने डोक्याला चिकटतात आणि आहेत त्यापेक्षा निम्मे वाटतात. रात्री लावून सकाळी धुऊन टाकले तर दोघांचेही समाधान होते. माका, ब्राह्मी, जास्वंद यांची तेले या दृष्टीने चांगलीच आहेत, मात्र त्यांनी गेलेले केस परत येतात असे कोणी म्हटले तर मान डोलवू नये. घामट, तेलकट डोक्याच्या तरुणाने दिवसाआड सौम्य शाम्पूने केस धुतल्यास काहीही बिघडत नाही.

आता घटकांचा विचार. बाजारात कांद्याच्या रसाचे तेल आणि शाम्पू सर्वत्र दिसतात. कांदा ताटात न येणाऱ्या घरात तो न्हाणीघरात चालतो की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण कांद्याच्या रसाबद्दल वारंवार सांगितला जाणारा अभ्यास बगदादमध्ये झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला आणि लहान होता. शिवाय तो चाई पडलेल्या रुग्णांवरचा होता, बारीक केसांवरचा नव्हे. केसांच्या जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असते, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले. वनस्पतिजन्य वेष्टनाच्या कॅप्सूलही मिळतात, दुकानदाराला विचारावे लागते. डी ३ जीवनसत्त्व बहुधा लोकरीतील मेणापासून काढतात. दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून काढलेलेही आता उपलब्ध आहे. ‘केराटिन’ हा शब्द दिसला की तो लोकर, पिसे किंवा खुरांमधून आला असण्याचा संभव असतो. विरळ जागी भुरभुरवायच्या केसतंतूंचेही तसेच: पुष्कळसे लोकरीच्या केराटिनचे, काही कापसाचे. कापसाचे मागून घ्यावेत. ते कार्यक्रमापुरते उत्तम काम करतात, रात्री धुऊन टाकायचे असतात, आणि जोरदार पावसात किंवा वरातीच्या घामात दगा देतात. केसांच्या मेणात मधमाश्यांचे मेण आहे काय, तेही पाहावे. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारतात २०१४ मध्ये बंदी आली, पण म्हणून त्यांतील घटक शाकाहारी ठरत नाहीत.

पुरुषी टक्कल सुरू झाले असेल तर पुराव्यानिशी उभी राहणारी औषधे दोनच. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून अमेरिकेत १९८८ मध्ये त्याच्या लावायच्या द्रावणाला केसांसाठी मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत त्याने केस उलट जास्त गळतात आणि पुष्कळ जण तेथेच धीर सोडतात. परिणाम कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केले की मिळवलेले पुन्हा जाते. थोडक्यात, ही न फिटणारी उधारी आहे. सुरू करण्याआधी हा हिशेब मांडावा.

दुसरे फिनास्टेराइड. त्याची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासून केसांसाठी वापरात आहे, आणि ती डीएचटी कमी करते. बहुतेकांना ती सोसते, परंतु थोड्या पुरुषांत कामेच्छा घटणे व तत्सम तक्रारी उद्भवतात, आणि काहींच्या मनावर परिणाम होतो. युरोपीय औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा तिचा एक दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. लग्न तोंडावर आलेल्या तरुणाने ती मित्राच्या सल्ल्याने किंवा मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरे देऊन मागवावी, हे मुळीच योग्य नाही. आपल्याकडे मिनॉक्सिडिलच्या काही बाटल्यांत फिनास्टेराइड मिसळलेले असते, तेव्हा लेबल वाचावे. गरोदर स्त्रीने तुटलेल्या गोळीला हात लावू नये, कारण पोटातील मुलग्याला अपाय होण्याचा धोका असतो. याच कारणाने ही गोळी घेणाऱ्याने ती थांबवून किमान महिना होईपर्यंत रक्त देऊ नये. महावीर जयंतीच्या रक्तदान शिबिरात उत्साहाने नाव नोंदवणाऱ्या तरुणांना हे बहुधा कोणी सांगत नाही.

केसरोपणात नवे केस निर्माण होत नाहीत. मागचे पुढे आणले जातात, आणि मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि मागील केस जात राहिले, तर चाळिशीत कपाळावर एक बेट उरते. म्हणून जाणते शल्यचिकित्सक तरुणांना थांबायला सांगतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरे रूप वर्षाच्या आसपास दिसते. लग्नाच्या महिनाभर आधी केलेल्या रोपणाने वधूपक्षासमोर केवळ खपल्या येतील. ही शस्त्रक्रिया आहे, सलूनमधील सेवा नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की एखादी कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून ती शिकता येत नाही. शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण हवे. सवलतीच्या दराचा फलक पाहण्यापूर्वी सुई कोणाच्या हातात असणार, हे विचारावे.

राहिला केसांचा पॅच. तो खऱ्या केसांचा असतो, गोंद किंवा पट्टीने चिकटवतात, तीन-चार आठवड्यांनी काढून पुन्हा बसवावा लागतो आणि दिसतोही छान. अडचण वेगळीच आहे. काही घरांत तो मुलीपासून साखरपुडा होईपर्यंत, कधी लग्न होईपर्यंत लपवला जातो, आणि मग वर्षानुवर्षांच्या विश्वासावर चालणाऱ्या दोन पेढ्यांचे संबंध बिघडतात. दोष केसांचा नसतो. दाखवलेला माल एक आणि दिलेला दुसरा, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणालाच रुचत नाही. ज्या मुलांनी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, मध्यस्थामार्फत नव्हे तर स्वतः, ही गोष्ट सांगून टाकली, त्यांच्यापैकी कित्येकांना समोरून उत्तर मिळाले की हे तर केव्हाच लक्षात आले होते.