साखर फलक आणि आपली मुले



बेणे, खत, पाणी आणि तोड यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. आज विषय घरातल्या रोपांचा आहे.

मे २०२५ मध्ये सीबीएसई मंडळाने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितले. कशात किती साखर आहे, दिवसाला किती चालते, जास्त झाल्यास काय होते आणि त्याऐवजी काय खावे, हे त्यावर लिहायचे. आपल्या जिल्ह्यातील गढीचे नवोदय विद्यालयही याच मंडळाचे. मंडळाच्या म्हणण्याप्रमाणे ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, ११ ते १८ वयात १५ टक्के. असावेत फक्त ५ टक्के.

हे सांगितल्यावर एक सभासद म्हणाले, "साहेब, आपल्याच मालावर बोट दाखवायचं, तर पिकवायचं काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेतातच आहे.

उसाला नत्र लागतेच. पण हिरवेपणाच्या नादाने युरिया ओतत राहिले, तर ऊस माजतो, लोळतो आणि उतारा घटतो. दोष युरियाचा नव्हे, मात्रेचा. सणाच्या पुरणपोळीने कोणाचे पोर बिघडले नाही. पण रंगीत थंड पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमचे! लहान मुलाचा दिवसाचा वाटा तेवढ्यातच संपून वर जातो.

"आपल्याकडे लठ्ठ पोरं कुठं आहेत?" असेही कोणी विचारील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची बालके २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत ३६.१ टक्के बालके कमी वजनाची निघाली. म्हणजे एका घरचे पोर पुड्यांवर सुटते आणि आपला ऊस तोडणाऱ्याच्या कोपीतले पोर वाळते. दोघांनाही ताजे जेवण आणि मोकळे मैदान हवे, आणि ते शाळेत मिळू शकते. पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत.

राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात जादा तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असल्या मालाची विक्री बंद केली. पण खेड्यातल्या शाळेला उपाहारगृह कुठले? तिथे असते ती टपरी, आणि ती बहुधा आपल्याच भावबंदाची. तिथे साहेब येणार नाही, आपणच बोलावे लागेल.

म्हणून सभासदांना आमची विनंती अशी :

१. शाळा व्यवस्थापन समितीत ५० मीटरचा विषय काढावा. टपरीवाल्याने शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू ठेवावेत. त्याचा धंदा बुडू नये.

२. शाळेच्या मैदानात उसाच्या ट्रॉल्या उभ्या करू नयेत. मुलांनी रोज तासभर अंग मोडून खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कबड्डी, खो-खोला खर्च नाही, जागा मात्र लागते.

३. शाळेच्या परसबागेला पाण्याची एखादी पाळी आणि शेवगा, मेथी, पालकाचे बियाणे द्यावे.

४. आपल्या फडावर आलेल्या टोळीची मुले हंगामापुरती गावच्या शाळेत बसतील, हे मुकादमाशी बोलून पाहावे.

५. जवळ असलेल्या शाळेत मुलांना गाडीवरून सोडू नये. चालू द्यावे.

साखर आपण पिकवतो, म्हणून तिचे माप सांगण्याची जबाबदारी पहिली आपली. काट्यावर उसाचे वजन आपण दोनदा पाहतो. पोराचे वजन-उंची गुरुजींकडून वर्षातून दोनदा तरी विचारून घ्यावी.