आत्याबाईंच्या यंत्राचें मेज

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. जिन्याखालच्या खोलींत आत्याबाईंचें शिवणयंत्र कित्येक वर्षें पडून होतें. वरचें यंत्र गंजून निकामी झालेलें. खालचे बिडाचे पाय मात्र शाबूत. भंगारवाला वजनावर पैसे देण्यास तयार होता, व जागा मोकळी करावी असें धाकट्या बंधूंचें मत पडलें. तेव्हां मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “या यंत्रावर वन्सं रात्र रात्र शिवत बसत, म्हणून तुमच्या वडिलांचें कॉलेज पुरें झालें.” पुढें भंगाराचें नांव कोणीं काढलें नाहीं, पण अडगळ ती अडगळच राहिली.

अशी एखादी वस्तु वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. तिला नुसती जपून ठेवण्यापेक्षां कामाला लावावी, असें आम्हांस वाटूं लागलें. हॉलंडमध्यें गेरिट रीटव्हेल्ट यांनीं १९३४ सालीं, मंदीच्या दिवसांत, मालाच्या खोक्यांना वापरतात तसल्या साध्या फळ्यांच्या खुर्च्या केल्या. इटलींत कास्तिल्योनी बंधूंनीं १९५७ सालीं ट्रॅक्टरची लोखंडी बैठक घेऊन तिचें स्टूल बनविलें व त्याला ‘मेझाद्रो’, म्हणजे अर्धेलीनें शेत करणारा, असें नांव दिलें. बैठक ट्रॅक्टरची आहे हें त्यांनीं लपविलें नाहीं, आणि हेंच आम्हांस विशेष आवडलें. जुन्या वस्तूला रंगानें मढवून तिची ओळखच पुसून टाकावयाची, तर ती ठेवली काय आणि विकली काय!

आम्ही कामास लागलों आणि पहिल्याच दिवशीं चुकलों. अडकलेला बोल्ट सुटेना म्हणून हातोडा मारला, तों नक्षींतील एक पान तुटून पडलें. बीड पोलादासारखें वाकत नाहीं, एकदम तडकतें. नंतर सुताराच्या सांगण्यावरून सांध्यांत तेल सोडून रात्रभर ठेवलें. सकाळीं बोल्ट पान्यानें सहज फिरला. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, व कोरडें घासल्यास त्याची धूळ मुलांच्या पोटांत जाते. म्हणून मुलांना दूर ठेवून, नाकातोंडाला मुखपट्टी बांधून, पॉलिश-पेपर पाण्यांत भिजवून घासलें आणि लोखंड लगेच पुसून कोरडें केलें. वर पडक्या माडीच्या दाराची सागवानी फळी बसविली. कडीची भोकें तशींच ठेवलीं. चाकांत बोटें सांपडूं नयेत म्हणून चाक काढून टाकलें; पाय मारण्याची जाळी मात्र मोकळीच ठेवली.

त्या मेजावर आतां पुतणी अभ्यास करते. गणित अडलें कीं तिचे पाय जाळीवर हलूं लागतात. परवां तो खटखट आवाज ऐकून मातोश्री हातांतलें काम टाकून दारापर्यंत आल्या, आणि कांहीं न बोलतां परत गेल्या. तुटलेलें पान त्यांच्याच डब्यांत आहे. धाकटे बंधु सध्यां माळ्यावरच्या पाळण्याचीं मापें घेत आहेत.