नव्याची खीर आणि मिटलेली दारं

भादव्याची पुनव झाली की आपल्या नशिराबादेकडे ओसरीवर भुलाबाई येऊन बसते. दिवेलागणीला पोरी जमतात, गाणी होतात आणि मग झाकलेला डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. तीन-चार वर्षांच्या चिमुरडीला भुलाबाई कोण नि भुलोजी कोण हे कुठं ठाऊक? तिला डबा ठाऊक. पण मोठेपणी पुढच्या पोरींना गाणी शिकवते तीच.

याच दिवसांत आपलीच मराठी बोलणाऱ्या काही घरांत निराळे सण चालू असतात, हे पुष्कळांना माहीत नसेल. ही मंडळी कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बाया तेवढ्या वाचल्या, असं ते सांगत आले. अलिबाग, पेण, रोहा या भागांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे.

धर्माच्या पोथ्या जवळ नव्हत्या. ‘शमा’ ही एक प्रार्थना काय ती तोंडपाठ राहिली. मग सण टिकले कसे? बायांच्या चुलीवर आणि पोरांच्या तोंडी! सणांची नावंच बघा ना. वर्षाचा पहिला दिवस ‘नव्याचा सण’. त्यानंतर ‘खिरीचा सण’. त्या दिवशी नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायची, ऊद जाळायचा, शमा म्हणायची आणि मग वाटी हातात. पुढं उपासाचा मोठा दिवस, ‘दारफाळणीचा सण’. पांढरे कपडे घालून सारं घर दारं लावून आत बसे, बाहेरच्याशी बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं. आता सांगा, दार का मिटलं हे चार वर्षांच्या पोराला समजावून द्यावं लागतं का? नेहमी उघडं असणारं दार त्या दिवशी बंद आहे, एवढंच त्याच्या मनात घट्ट बसतं.

ही सगळी माहिती हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहून ठेवली. त्यांचं पुस्तक 1937 मध्ये छापलं गेलं. त्यांनीच 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढं सर एली कदुरी शाळा झाली.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात यहुदी उरले होते सुमारे अडीच हजार. कोकणातल्या आळ्यांत खीर मागायला पोरंच राहिली नाहीत, ही खरी हळहळ. तिकडं गेलेल्यांची नातवंडं बालवाडीत सण शिकतात. सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, मेंढ्याच्या शिंगाचा आवाज ऐकतात, आणि मांडवाच्या सणाला कागदी माळा करून खोपटं सजवतात. त्याचं छप्पर फांद्या-पानांचं नि विरळ. रात्री आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. आपल्या ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर झोपलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कोकणातल्या जुन्या लोकांत हा मांडव नव्हता. त्याच्या जागी खिरीचा सण असावा असा एक तर्क आहे. मांडव छान, पण आजीच्या हातची खीर त्या बालवाडीत कोण करणार?

त्यांचं पंचांगही आपल्यासारखं चांद्र, अधिक महिन्याचं. म्हणून कधी त्यांचं नवं वर्ष गणपतीच्या आसपास येतं, कधी नवरात्रात. 2025 मध्ये घटस्थापनेच्या संध्याकाळी ते सुरू झालं आणि मांडवाची पहिली रात्र नेमकी कोजागिरीला आली. इकडं भुलाबाईची सांगता, तिकडं पोरं खोपटात.

नव्याच्या सणाला या घरांत गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. मटणाबरोबर दूध त्यांना चालत नाही, म्हणून त्यात नारळाचं दूध. चीक काढणं तुम्हाला काय शिकवायचं! कुरडयांच्या वेळी वाटीभर बाजूला ठेवा, नारळाचं दूध नि साखर घालून मंद आचेवर घट्ट होईतो हलवत राहा, आणि ताटात ओतून वड्या पाडा. ढवळताना हात थांबला की खाली लागतो, एवढं सांभाळा.