लुटुपुटुच्या लढाईचे खरेखुरे नेपथ्य

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे एक टेबल. त्यावर बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या एका शहराचा चौक मांडलेला. इमारतीची एकच भिंत कशीबशी उभी आहे. तिच्यावर काजळी धरली आहे. खिडकीच्या गजांखालून गंजाचे ओघळ उतरले आहेत आणि पायथ्याशी विटांच्या ढिगाऱ्यावर धूळ साचली आहे. त्या ढिगाऱ्याआड बोटाच्या पेराएवढे सैनिक दबा धरून बसले आहेत. छायाचित्रात पाहिले तर क्षणभर खऱ्या रणभूमीचा भास व्हावा. प्रत्यक्षात मात्र ती भिंत फोमची आहे, ढिगारा बुचाच्या लाकडाच्या तुकड्यांचा आहे आणि तो गंज म्हणजे पातळ केलेल्या तपकिरी रंगाचे दोन-चार थेंब आहेत.

ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छंदाचे हे नेपथ्य. फासे, मोजपट्टी आणि नियमांचे जाडजूड पुस्तक घेऊन दोन खेळाडू समोरासमोर बसतात आणि हाताने रंगवलेली चिमुकली सैन्ये परस्परांना भिडवतात. कधी वॉटर्लूची लढाई, कधी दुसरे महायुद्ध, तर कधी सर्वस्वी काल्पनिक जग. या खेळातील सैनिकांचे कौतुक सर्वांनाच असते. परंतु खेळाचा निकाल पुष्कळदा त्यांच्याभोवतीच्या टेकड्या, कुंपणे आणि पडक्या घरांवर अवलंबून असतो. भिंतीआडच्या सैनिकाला नेम लागणे कठीण, दाट झाडीतून चाल मंदावते, टेकडीवरच्या तोफेला दूरवरचे दिसते. मोकळ्या टेबलावर लांब पल्ल्याची शस्त्रे असलेले सैन्य सहज वरचढ ठरते. म्हणजेच येथील नेपथ्य हे निव्वळ शोभेचे नसून खेळातील एक पात्रच आहे.

राजवाड्यातून दिवाणखान्यात

या छंदाचे मूळ प्रशियात सापडते. १८१२ मध्ये गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यासाठी युद्धखेळाचे एक खास टेबल बनवले. त्यावर डोंगर, नद्या आणि रस्ते दाखवणारे रंगवलेले चौकोनी तुकडे हवे तसे जुळवता येत. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने हा खेळ नकाशावर आणला आणि तो प्रशियन लष्कराच्या प्रशिक्षणाचा भाग झाला. विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून त्याला घराघरांतील दिवाणखान्याची वाट दाखवली. त्यांची रणभूमी जमिनीवर मांडलेली असे आणि तिच्यातील घरे ठोकळ्यांची व पुठ्ठ्याची असत. पुढे १९७५ मध्ये लंडनमध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्या १९८३ च्या ‘वॉरहॅमर’ आणि १९८७ च्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळांनी या छंदाला मोठा चाहतावर्ग मिळवून दिला.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मराठी मुलांना यातील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. दगड रचून त्यावर मातीत भिजवलेले गोणपाट पसरायचे, अळीव पेरून हिरवळ उगवायची आणि वर मावळे उभे करायचे, ही आपली पद्धत. तिकडे चुरगाळलेल्या वर्तमानपत्रावर प्लास्टरमध्ये भिजवलेले कापड पसरून टेकडी करतात. हा मार्ग रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांनी रूढ केला. फरक इतकाच, की आपल्या किल्ल्यावरची माती ही खरी माती असते. टेबलावरच्या रणभूमीत मात्र माती, दगड, लाकूड आणि लोखंड हे सारे रंगातूनच उभे करावे लागते.

प्रकाश लहान होत नाही

खरी अडचण येथेच सुरू होते. इमारत साठपट लहान करता येते. तिच्यावर पडणारा प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या भिंतीतील वीत-वीत खोल भेगांत काळोख दाटलेला असतो. प्रतिकृतीत तीच भेग जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची होते आणि तिच्यात सावली नावालाच पडते. त्यामुळे एकाच राखाडी रंगात रंगवलेली भिंत दगडाची न वाटता खेळण्याची वाटते. जी सावली आणि जी चमक प्रकाशाकडून मिळत नाही, ती ब्रशाने द्यायची, हे या कलेचे पहिले सूत्र.

त्यासाठीच्या दोन युक्त्या जगभर वापरल्या जातात. पहिली ‘वॉश’ची. मूळ रंग वाळल्यावर त्यावर अतिशय पातळ, गडद रंग सोडला जातो. तो उंचवट्यांवरून निथळतो आणि केशाकर्षणाने आपोआप विटांमधील फटींत जाऊन बसतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे तो थेंबाथेंबाने साचू नये म्हणून त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाकतात. दुसरी युक्ती ‘ड्रायब्रशिंग’ची. ब्रश फिकट रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि पृष्ठभागावरून हलकेच फिरवायचा. उरलेला रंग केवळ कडांना आणि टोकांना लागतो आणि जणू वरून ऊन पडल्यासारखा दगड उठून दिसतो. वॉशने सावली द्यायची आणि कोरड्या ब्रशाने ऊन द्यायचे. एवढ्या दोन गोष्टी जमल्या तरी नवख्याची भिंत ओळखू येईनाशी होते.

प्रत्येक डागाला कारण हवे

मात्र एवढ्याने भिंत खरी वाटली, तरी ती कालच बांधल्यासारखी दिसते. तिच्यावर काळाचे वळ उमटवण्याच्या प्रक्रियेला ‘वेदरिंग’ म्हणतात. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन आणि अमेरिकेचे शेपर्ड पेन यांच्यासारख्या प्रतिकृतीकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तंत्राचा प्रसार केला. १९७७ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयानेही चकचकीत नव्हती. ती मळलेली, खरचटलेली, वापरलेली दिसत. म्हणूनच ती प्रेक्षकांना खरी वाटली.

जुनेपणा रंगवायचा म्हणजे सगळीकडे मळकट रंग फासायचा, असा नवख्यांचा समज असतो. वस्तुतः प्रत्येक डागामागे कारण असावे लागते. पाणी खाली वाहते, म्हणून गंजाचा ओघळ खिळ्यापासून सुरू होऊन खालीच उतरतो आणि उतरताना फिका होत जातो. रंगाचे टवके उडतात ते दाराच्या कडांवरून आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून, कारण तेथे हात आणि पाय लागतात. धूळ आणि चिखल तळाशी असतो, काजळी आग लागलेल्या खिडकीच्या वर असते, तर शेवाळे ओल धरून ठेवणाऱ्या कोपऱ्यात वाढते. धातूंचेही स्वभाव निराळे असतात. लोखंडावर तांबूस गंज चढतो, तांबे हिरवट पडते आणि ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही. कारखान्यातून बाहेर पडून काही आठवड्यांतच रणांगणावर नष्ट झालेल्या रणगाड्यावर वर्षानुवर्षांचा गंज दाखवला, तर जाणकार हसल्याशिवाय राहत नाहीत.

हे शिकण्यासाठी महागडे पुस्तक लागत नाही. पावसाळा सरल्यावर आपल्याच गल्लीतील एखादी जुनी इमारत पाहावी. खिडकीच्या छज्जाखाली काळे ओघळ कोठे आहेत, फुटलेल्या पाइपाजवळ हिरवा पट्टा कसा पसरला आहे आणि गिलावा कोठून सुटला आहे, हे पाच मिनिटे निरखले तरी पुष्कळ उमगते.

प्रत्यक्ष डाग उमटवण्याच्या युक्त्या घरगुतीच असतात. स्पंजचा तुकडा गडद रंगात टेकवून कडांवर हलकेच दाबला, की टवके उडाल्याचा भास होतो. आधी गंजाचा रंग देऊन त्यावर केसांचा स्प्रे मारायचा, तो वाळल्यावर वरचा रंग द्यायचा आणि मग ओल्या ब्रशाने घासायचे. पाण्यात विरघळणारा स्प्रेचा थर सुटतो, त्याबरोबर वरचा रंग निघतो आणि खालचा गंज उघडा पडतो. खऱ्या पत्र्यावर हेच घडायला कित्येक पावसाळे लागतात.

सुरुवात करायची तर

खेळ तयार करणाऱ्या कंपन्या आकर्षक प्लास्टिकची घरे विकतात, पण ती स्वस्त नसतात. सुरुवातीला जाड पुठ्ठा, पॅकिंगचा फोम, आइस्क्रीमच्या काड्या, चाळलेली वाळू आणि सुतारकामाचा पांढरा गम एवढे साहित्य पुरेसे आहे. फोमवर बोथट पेन्सिलीने रेघा ओढल्या, की विटा तयार होतात. मात्र एक चूक टाळावी. कॅनमधील स्प्रे रंग थेट फोमवर मारू नये. त्यातील द्रावकाने फोम विरघळून भिंतीची चाळण होते. आधी पांढरा गम आणि ॲक्रिलिक रंग यांच्या मिश्रणाचा एक हात द्यावा. तापलेल्या तारेने फोम कापताना निघणारा धूर आणि कोरड्या रंगद्रव्यांची भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मुखपट्टी वापरावी आणि लहान मुलांना एकटे सोडू नये.

घर आधी, अवशेष नंतर

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्या शहरांत खरी माणसे मेली, त्यांचे ढिगारे खेळासाठी का रंगवायचे? आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. स्टालिनग्राडचा चौक हा कोणाच्या तरी रोजच्या येण्याजाण्याचा चौक होता. वेल्स यांच्यापुढेही हा प्रश्न होताच. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध कितीतरी बरे, असे त्यांनी त्याच पुस्तकात आवर्जून मांडले. पुस्तक आले १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. परंतु चांगल्या कारागिराच्या कामाच्या क्रमात एक अर्धे उत्तर सापडते. पडके घर रंगवताना तो आधी धडधाकट घराचा विचार करतो. बाहेरची भिंत कोसळली, तर आतली खोली उघडी पडेल. मग त्या खोलीच्या भिंतीला कोणता रंग होता? वॉलपेपर कोणत्या नक्षीचा होता? जेथे वर्षानुवर्षे तसबीर टांगलेली होती, तेथे रंग न विटलेला चौकोन उरला असेल का? असा एक चौकोन ज्याने रंगवला, त्याने त्या घरात कोणी तरी राहत होते, हे मान्य केलेले असते. त्यानंतरच तो हातातला ब्रश काजळीत बुडवतो.